प्रमुख पाहुण्यांवर वाजलेलं दार

सिन्नरहून वसईला हौसेने जाणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मीही कामासाठीच गेले. वसईतल्या एका महाविद्यालयात ग्रंथालय तंत्रज्ञानावर एक दिवसाची परिषद होती आणि तिथे माझं दार दाखवायला मला दुपारी वीस मिनिटं दिली होती.

आधी दाराविषयी. त्याला फळी नाही, कडी नाही. छातीएवढ्या उंचीचे दोन चपटे खांब आहेत आणि त्यांच्यामधून माणसाने जायचं. ग्रंथालयाच्या पुस्तकात आतल्या पानाला कागदासारखा पातळ टॅग चिकटवलेला असतो. काउंटरवर पुस्तक तुमच्या नावावर नोंदवलं की त्या टॅगमधली एक खूण बदलते. नोंद न करता पुस्तक घेऊन खांबांमधून गेलात तर दार वाजतं. बाजारात अशी दारं तयार मिळतात. मी आधी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, ग्रंथपाल नंतर झाले, म्हणून आमच्या कॉलेजसाठी ते स्वतः बनवलं. टॅग वाचणारं आतलं यंत्र विकत घेतलं. तांब्याचा अँटेना, प्लायची चौकट आणि सगळं सॉफ्टवेअर माझं.

आमच्या प्राचार्यांच्या टेबलावर एका कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक महिनाभर पडून होतं. ते म्हणाले, "मॅडम, वसईला चारशे माणसांसमोर चालवून दाखवा. मी येतो बरोबर. खोटं वाजलं नाही तर आपलंच बसवू. एकदा जरी खोटं वाजलं, तर कंपनीचं."

"एकदाच?"

"एकदाच. मॉलमध्ये एक दार माझ्यावर खोटं वाजलं होतं. मेहुणे बरोबर होते."

अट स्पष्ट होती. मला स्पष्ट अटी आवडतात.

आम्ही सरांच्या गाडीने निघालो. खांब डिकीत मावले नाहीत. मागची सीट पाडून, चादरीत गुंडाळून ते तिरपे ठेवले, तेव्हा एका खांबाचं टोक गाडी चालवणाऱ्या सरांच्या डाव्या कानापाशी आलं. सिन्नर-घोटी रस्ता चांगला आहे. घोटीत मिसळ खाऊन घ्या, पुढे घाट उतरेपर्यंत धड काही मिळत नाही. भिवंडीपाशी अंजूर फाट्याला वळलात की कामणमार्गे चिंचोटीला निघता. नकाशावर हा तुकडा छोटा दिसतो, त्यावर जाऊ नका. कंटेनरच्या मागे कंटेनर आणि मधे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला खांब सरांच्या कानाला लागायचा आणि सर म्हणायचे, "तुमच्या दाराने मला आत्ताच धरलंय." दिवसाउजेडी पार करा, आणि पाठीमागे प्लायची चौकट असेल तर उशी न्या. गाडी नसेल तर नाशिकरोडहून कल्याण, मग दिवा, आणि तिथून वसईची मेमू. फेऱ्या मोजक्या असतात. वेळ आधी बघून ठेवा.

सरांची सोय वसई पश्चिमेला एका लॉजवर होती. माझी सोय राऊत मॅडमच्या घरी, निर्मळला. राऊत मॅडम म्हणजे यजमान कॉलेजच्या ग्रंथपाल, परिषदेच्या संयोजक, सूत्रसंचालक आणि, हे पुढे कळलं, सत्कारविभागही त्याच. निर्मळच्या तळ्यापाशी त्या स्कूटरवर मला न्यायला आल्या; त्या पुढे, सरांची गाडी मागे. वसई स्टेशनपासून इथवर बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात, पण रिक्षाचा भाव बसण्याआधी ठरवा. रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना केळीच्या आणि फुलांच्या वाड्या. सायकलवर जाणारा माणूस स्कूटरवाल्याशी गप्पा मारत जातो आणि मागची गाडी त्यांचं बोलणं संपायची वाट बघते. सर हॉर्न वाजवायला गेले, तर राऊत मॅडम मागे वळून म्हणाल्या, "सर, ते माझे दीर आहेत. त्यांचं होईल आत्ता."

दार रात्री गाडीत नको म्हणून आम्ही ते घरात आणलं. राऊत मॅडमच्या सासूबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी चादर बाजूला करून खांबांना हात लावून पाहिलं.

"ह्यावर काय चढवणार? तोंडली?"

"आई, ते यंत्र आहे," राऊत मॅडम म्हणाल्या.

"यंत्र असू दे गं. वेल चढंल ना?"

मी विचार करून सांगितलं की चढेल, पण पाणी घालता येणार नाही. त्यांनी खांबांत रस घेणं सोडलं.

जेवायला उकडहंडी होती. थंडीच्या दिवसांत इकडे कंद, शेंगा, वांगी असं सगळं मडक्यात एकत्र शिजवतात. मी कमी जेवते. त्या दिवशी तीनदा घेतलं. नंतर केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी आली, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. वसईहून न्यायची एकच गोष्ट विचाराल तर ही न्या.

जेवताना राऊत मॅडम सारख्या फोन घेऊन अंगणात जात होत्या. "दादा, उद्या सकाळी म्हणजे नक्की किती वाजता? अहो, दहाला उद्घाटन आहे!" परत आल्या की हसून वाढायच्या. हल्ली सगळीकडे पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देतात. ग्रंथपालांच्या परिषदेत तर ते हवंच. मॅडमनी मागवलेली पुस्तकं कुठेतरी अडकली होती.

"मिळतील?" मी विचारलं.

"होईल काहीतरी. तू झोप. उद्या तुझं आहे." त्यांनी मला पहिल्या तासातच अगं-तुगं सुरू केलं होतं. मला ते सहसा चालत नाही.

सकाळी सभागृहाच्या दारात जूचंद्रचा एक रांगोळीकार उकिडवा बसला होता. नायगाव पूर्वेचं हे गाव रांगोळीसाठी ओळखलं जातं, आणि हे लोक ठिपक्यांची रांगोळी काढत नाहीत, माणसं काढतात. त्याने जमिनीवर प्रमुख पाहुण्यांचा चेहरा काढला होता. हे पाहुणे म्हणजे विद्यापीठातून निवृत्त झालेले ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक, पांढऱ्या भरघोस मिशांचे. मिशीचा केस न् केस दिसत होता. अडचण एकच होती. माझं दार त्याच जागी लावायचं होतं.

"ह्या दोन खांबांतून सगली मानसं जानार?" त्याने विचारलं.

"हो."

"मंग ती सायबांच्या तोंडावरून जातील, मॅडम."

आम्ही दोघांनी मिळून तोडगा काढला. दार मी उंबऱ्याला चिकटवून आत घेतलं. बाहेर आलेल्या माणसाने लगेच डावीकडे वळायचं, म्हणजे रांगोळी वाचेल. त्याने एक खुर्ची आडवी लावली आणि मला बजावलं, "कोनी माघारी फिरला नाय पायजे. फिरला तर मिशी गेली."

मी म्हटलं, कोणी कशाला माघारी फिरेल?

उद्घाटन झालं. दीप लागला, एक वात लागली नाही, ती लागेपर्यंत सगळे उभे राहिले. मग राऊत मॅडमनी माइकवर सत्कार सुरू केले. खादीच्या कागदात बांधलेली, लाल रिबीन लावलेली जाडजूड पुस्तकं एकेकाला मिळाली. एक प्रमुख पाहुण्यांना, एक यजमान प्राचार्यांना आणि एक आमच्या सरांना, कारण ते दुपारच्या सत्राचे अध्यक्ष होते. सरांनी पुस्तकाचं वजन हातात तोलून पाहिलं आणि ते खूश झाले. मला आश्चर्य वाटलं की पुस्तकं वेळेत आली. तेवढंच वाटलं.

मग चहाची सुट्टी झाली. प्रमुख पाहुणे मानाने सर्वांत पुढे निघाले, सत्काराचं पुस्तक छातीशी धरून, आणि माझ्या खांबांमधून गेले.

दार वाजलं.

माझ्या दाराचा आवाज मोठा आहे. तो मीच तसा ठेवलाय. चारशे ग्रंथपाल एका क्षणात गप्प झाले. असल्या आवाजाला इतक्या मनापासून वळून बघणारे लोक दुसरीकडे कुठे सापडणार नाहीत.

"हं," पाहुणे हसून म्हणाले, "माझ्या खिशात किल्ल्या आहेत." ते मागे फिरले, किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या आणि पुन्हा निघाले. दार वाजलं. मग मोबाइल काढला. वाजलं. मग घड्याळ, चष्म्याची डबी, शेवटी कानातलं श्रवणयंत्र. श्रवणयंत्र काढल्यावर दार वाजलेलं त्यांना ऐकूच गेलं नाही आणि ते आनंदाने चालू लागले. यजमान प्राचार्यांनी त्यांना हाताला धरून परत आणलं. या येण्याजाण्यात खुर्ची सरकली होती.

"सर," बाहेरून रांगोळीकार म्हणाला, "तुमी सोताच्या मिशीवर हायत."

माझं दार किल्ल्या ओळखत नाही. घड्याळ ओळखत नाही. ते फक्त टॅग ओळखतं, हे मी दोनदा सांगितलं, पण ऐकण्याच्या स्थितीत कोणी नव्हतं. मी लॅपटॉप पाहिला. ज्या पुस्तकामुळे दार वाजलं त्याचा दाखल क्रमांक पडद्यावर होता आणि त्याच्यापुढे यजमान महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा संकेतांक.

मी मान वर केली. राऊत मॅडम माइकपाशी उभ्या होत्या. त्यांनी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या. मला सगळं समजलं. मागवलेली पुस्तकं आली नव्हती. त्यांनी सकाळी आपल्याच कपाटातली तीन जाड पुस्तकं काढून बांधली होती. मंचावर द्यायची, आणि खरी आली की जेवणाच्या वेळी हळूच बदलायची. दुसऱ्या कुठल्याही परिषदेत हे खपून गेलं असतं.

मला एक वाक्य बोलायचं होतं: रिबीन सोडा. माझं दार वाचलं असतं. यजमान प्राचार्य तिथेच उभे होते.

मी लॅपटॉप अर्धा मिटला.

तेवढ्यात आमचे सर आपलं पुस्तक घेऊन आले आणि दार त्यांच्यावरही वाजलं. इथे मेहुणे नव्हते, पण चारशे माणसं होती.

माहितीपत्रकवाल्या कंपनीचा प्रतिनिधी चहाचा कप घेऊन उभा होता. टायवर कंपनीचंच नाव होतं. "घरगुती दार आहे ना मॅडम? सर्दी झाली असेल. थंडी पडलीय."

"दार ठीक आहे," मी म्हटलं.

"मॅडम," आमचे सर हळू आवाजात म्हणाले, "मी एकदाच म्हटलं होतं. हे सातव्यांदा आहे."

जेवणाच्या सुट्टीत एक टेम्पो आला. राऊत मॅडम मंचामागे गेल्या, आल्या, आणि तिन्ही पाहुण्यांजवळ नवीन पुडकी दिसू लागली. कागद तोच, रिबीन तीच, फक्त पुस्तकं बारीक झाली होती. सरांना ते जाणवलं. त्यांनी हातात तोलून माझ्याकडे पाहिलं. मग सगळे पाहुणे दारातून गेले, आले, पुन्हा गेले. दार गप्प.

"आता वाजेनासंच झालं," प्रतिनिधी म्हणाला. "झोपलं बिचारं."

सकाळी ते बरोबर वाजलं होतं. दुपारी ते बरोबर गप्प होतं. दोन्ही वेळा ते नापास झालं.

माझी वीस मिनिटं आली. मी दहा पुस्तकं घेऊन दाखवलं. नोंद न केलेली पाच वाजली, नोंद केलेली पाच वाजली नाहीत. टाळ्या पडल्या त्या सहानुभूतीच्या. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला.

"मॅडम, हे छान. पण सकाळी काय झालं होतं?"

"सकाळीही दार बरोबर होतं."

"म्हणजे प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक चोरलं?"

सभागृह हसलं. पाहुणेही हसले, श्रवणयंत्र आता कानात होतं.

"मी तसं म्हटलेलं नाही," मी म्हटलं. "दार बरोबर होतं, एवढंच म्हणते."

"पण दोन्ही कसं खरं असेल?"

याचं उत्तर मला येत होतं. अध्यक्षांच्या खुर्चीवर आमचे सर बसले होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. आमच्या कॉलेजात सरांनी पेनाचं टोपण लावलं की विषय संपतो.

तेव्हा माइक खरखरला.

"एक सूचना आहे," राऊत मॅडम म्हणाल्या. आवाज सूत्रसंचालनाचाच होता, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "सकाळी सत्कारात दिलेली पुस्तकं आपल्याच ग्रंथालयाची होती. मागवलेली वेळेवर आली नाहीत, म्हणून मी बांधून दिली आणि जेवताना बदलली. त्यांची नोंद झालेली नव्हती. दाराने ते सांगितलं. या मुलीला ते तेव्हाच कळलं होतं. धन्यवाद. पुढच्या वक्त्यांनी तयार राहावं."

पुढचे वक्ते तयार नव्हते. कोणीच नव्हतं. यजमान प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले होते. मग मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे तर शाल एकच आहे. चार वर्षं सगळ्यांना तीच." दुसरीकडून आवाज आला, "आम्ही नारळ परत घेतो." "स्मृतिचिन्हावर आम्ही नावाची पट्टी बदलतो!" एका वयस्क गृहस्थांनी उठून गंभीरपणे सांगितलं की त्यांच्या गावी सत्काराचा फेटाही ग्रंथालयाच्या कपाटात असतो आणि त्याला दाखल क्रमांक आहे. यानंतर पाच मिनिटं परिषद चालवता आली नाही.

हशा ओसरल्यावर प्रमुख पाहुणे उभे राहिले. सगळे शांत झाले, यजमान प्राचार्य सर्वांत जास्त.

"बाई," ते म्हणाले, "जे घडलं ते घडलं. पण मला सकाळचं पुस्तक हवंय. हे बारीक नको. ते कुठलं होतं?"

"जुन्या ठाणे जिल्ह्याच्या वर्णनाचा ग्रंथ होता, सर."

"मग तोच द्या. माझ्या नावावर नोंदवा. पंधरा दिवसांत पाठवतो."

राऊत मॅडमनी क्षणभर विचार केला. त्यांच्या नोकरीचं काय होणार हे प्रमुख पाहुणे रागावतात की नाही यावर होतं, हे त्यांना आणि मला दोघींना दिसत होतं.

"नाही देता येणार, सर," त्या म्हणाल्या. "संदर्भ विभागाचा आहे. इथेच बसून वाचावा लागेल."

पाहुण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग यजमान प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "अशी ग्रंथपाल तुम्हाला मिळाली कुठे?" आणि खरोखर वाचनकक्षात गेले. समारोप त्यांच्याविना झाला. दोनदा माणूस बोलवायला गेला, दोनदा एकटाच परत आला. यजमान प्राचार्यांनी आभाराच्या भाषणात राऊत मॅडमचं नाव सर्वांत शेवटी घेतलं, पण घेतलं.

खांब गुंडाळताना त्या माझ्याजवळ आल्या. "पुस्तकांना आतून चांदीचा कागद लावला असता तर?"

"जाड धातूचा असता तर नसतं वाजलं."

"मग हे काल जेवताना नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात सुकेळ्यांची दोन पुडकी कोंबली. मी आभार मानले. आणखी काही म्हणायला हवं होतं बहुधा.

परतीला कामणच्या रस्त्यावर खांब कानाला लागला की सर तो हाताने मागे सारायचे.

"म्हणजे खोटं नाही वाजलं," शेवटी ते म्हणाले.

"नाही."

"माझ्यावरचंसुद्धा?"

"तुमच्याकडे दोन किलोचा संदर्भग्रंथ होता, सर."

"तरीच वजन होतं." पुढच्या कंटेनरमागे त्यांनी गाडी थांबवली. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत? तुमचं दार जात होतं."

मी खरं ते सांगितलं. "त्यांच्या घरी जेवले होते."

सरांनी मान हलवली. कंटेनर हलला. ते पुन्हा थांबले ते थेट घोटीत, मिसळीसाठी, आणि मिसळ येईपर्यंत माहितीपत्रकाचा विषय त्यांनीच संपवला. "आपलंच बसवा," ते म्हणाले. मग जरा वेळाने, रश्शाकडे बघत, "एकदा आमच्याकडेही जेवायला या तुम्ही."

दार आता आमच्या ग्रंथालयात बसलंय. वसईला जायचं असेल तर थंडीत जा, मुक्काम निर्मळच्या बाजूला करा, तळ्याकाठी सकाळी चालून या, आणि कामणच्या रस्त्यासाठी एक तास जास्त धरा. मी तिथून काय आणलं असं कोणी विचारलं तर सुकेळी, ती चार दिवसांत संपली. बाकी जे राहिलं ते मला नीट मांडता येत नाही. मला अचूक गोष्टी बनवता येतात. त्या दिवशी अचूक गोष्ट मला बोलता आली नाही, आणि जिला त्याची झळ बसणार होती तिने ती माइकवरून सांगितली. मी गप्प राहिले ते बरोबर होतं की नुसतं सोयीचं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दार सरांवर वाजलं. बगलेत नोंद न केलेली दोन मासिकं होती. ग्रंथालयात मुलं होती, शिक्षक होते. "सर, नोंद राहिलीय," मी म्हटलं, आणि ते निमूटपणे काउंटरवर आले. मासिकं नोंदवून घेता घेता त्यांनी जेवणाची आठवण केली. हे आमंत्रण तिसरं.

मी अजून गेलेले नाही.